जुनी गाडी, अभिजातपणा आणि दुरुस्तीचा विवेक

मोटारगाड्यांचे शौकीन ‘क्लासिक’ हा शब्द ज्या सहजतेने वापरतात, तितक्या सहजतेने साहित्याच्या वर्गात तो कुणी वापरत नाही. तेथे ‘अभिजात’ म्हटले की लगेच विचारणा होते : कोणत्या निकषावर? कुणी ठरवले? कुणाला वगळून ठरवले? हीच विचारणा मोटारगाडीच्या बाबतीतही व्हायला हवी, असे आम्हांला वाटते. वर्षानुवर्षे पडून राहिलेली एखादी जुनी गाडी पुन्हा उभी करावी की भंगारात द्यावी, हा प्रश्न वरवर गॅरेजमधला दिसतो. पण तो मूल्यनिर्णयाचा प्रश्न आहे, आणि मूल्यनिर्णय हा तर आपल्या अभ्यासविषयाचाच गाभा. म्हणून साहित्याच्या वाचकांपुढे तो मांडण्यात आम्हांला संकोच वाटत नाही. चर्चा हवेत राहू नये यासाठी ती उदगीर या एका गावाच्या संदर्भात करत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीचे वय, तिची दुर्मिळता किंवा बाजारातला भाव यांवरून हा निर्णय करू नये. गाडीचा सांगाडा शाबूत आहे काय, तिला गावात चालती ठेवणारे हात आहेत काय, आणि दुरुस्तीनंतर तिच्यातला इतिहास शिल्लक राहणार आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच तिच्यावर खर्च करावा. ती तशी नसतील तर नकार द्यावा आणि नकाराबद्दल अपराधी वाटून घेऊ नये.

प्रथम वयाविषयी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरप्लेटवर राज्याच्या खुणेनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला ती मुकते. म्हणजे गाडीला प्रतिष्ठा मिळते, पण त्या बदल्यात तिचे चालणे काढून घेतले जाते. ग्रंथाला ‘अभिजात’ ठरवून कपाटात बंद करण्यासारखीच ही गोष्ट आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाही प्राचीनत्वाचा निकष कळीचा होता. रंगनाथ पठारे समितीने पुरावे जमवले ते प्रामुख्याने भाषेचे वय सिद्ध करण्यासाठी. ते काम आवश्यक होते, याबद्दल दुमत नाही. परंतु भाषा जिवंत राहील की नाही, हे तिच्या वयावरून ठरत नाही. ती कुणाच्या तोंडी आहे यावरून ठरते. गाडीचेही तसेच आहे. पन्नास वर्षे हा टिकून राहिल्याचा पुरावा झाला. मूल्य त्याहून वेगळे तपासावे लागते.

आता उदगीरकडे येऊ. हे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. पुढे ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात गेले. ज्या संस्थानाच्या महसुलात उदगीरचाही वाटा होता, त्या संस्थानाची एक पिवळी रोल्स-रॉइस आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात काचेआड उभी आहे. सहाव्या निजामासाठी मागवलेली ही गाडी सिंहासनासारख्या आसनामुळे ओळखली जाते, आणि ती फारशी चाललेलीच नाही. तिची निगा राखावी की नाही, असा प्रश्न कुणी कधी विचारणार नाही. राजाची वस्तू आपोआप वारसा ठरते. प्रश्न उभा राहतो तो सामान्य गाडीबाबत.

उदगीरसारख्या गावात अशी गाडी कोणती असेल? बहुधा ॲम्बॅसडर, नाहीतर फियाट. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली ॲम्बॅसडर हिंदुस्थान मोटर्सने १९५७-५८ च्या सुमारास पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यात बनवायला घेतली, आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची फियाट ११०० कुर्ल्यात तयार होत असे. १९७४ पासून तीच ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. या गाड्या लाखांनी निघाल्या. दुर्मिळतेच्या हिशेबात त्यांना फार गुण मिळणार नाहीत. जुन्या वाड्याच्या ढेलजेत, आडत दुकानाच्या मागे किंवा शेतातल्या लिंबाखाली अशी एखादी गाडी उभी असते. मालक निवर्तलेले असतात, मुले पुण्याला किंवा हैदराबादला स्थायिक झालेली असतात, आणि वाड्याच्या वाटणीची बोलणी सुरू झाली की ‘या गाडीचे काय करायचे?’ हा प्रश्न पुढे येतो. त्या वेळी घरातला एक जण भंगारवाल्याचा भाव विचारून येतो आणि दुसरा आजोबांची आठवण काढतो. दोघांचेही बरोबर असते, म्हणूनच निर्णय होत नाही.

आठवणीचा मुद्दा आम्ही हलका मानत नाही. पण तो तपासून घ्यायला हवा. साठ-सत्तरच्या दशकांत मराठवाड्यात मोटार किती घरांत होती? बहुसंख्य माणसे एस.टी.ने, बैलगाडीने किंवा पायी जात. ॲम्बॅसडर ही साहेबाची, पुढाऱ्याची, कारखान्याच्या अध्यक्षाची, क्वचित डॉक्टर-वकिलाची गाडी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या लेखी पांढरी मोटार म्हणजे पाहणीला आलेले सरकार. टपावरचा लाल दिवा तर १ मे २०१७ पासून बंद होईपर्यंत सत्तेचे चिन्ह म्हणूनच मिरवला गेला. तेव्हा ‘गावाचा वारसा’ म्हणून अशी गाडी चकचकीत करून उभी केली, तर आपण नेमकी कुणाची आठवण उजळतो आहोत? दलित आणि ग्रामीण साहित्याने हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासाला विचारला आणि त्यामुळे तो इतिहास बदलला. मोटारीला त्यातून सूट देण्याचे कारण नाही.

मात्र एवढ्यावरून गाडी निकालात काढता येत नाही. सत्तेची खूण असलेली वस्तूही साक्षीदार असते, आणि एकाच गाडीला अनेक साक्षी देता येतात. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गावातली एकमेव मोटार तीच असू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जखमींना आणणारीही तीच असू शकते. ती मालकाबरोबरच चालकाची, रोज धुणाऱ्या पोऱ्याची आणि तिच्या मागे धावलेल्या मुलांचीही असते. म्हणून आमची पहिली सूचना अशी, की गाडीला हात लावण्यापूर्वी तिच्याविषयी या सर्वांशी बोलावे. गाडी केवळ मालकाच्या पराक्रमाची गोष्ट सांगत असेल, तर तो घरगुती आठवणीचा भाग आहे. खर्च घरातल्यांनी आपल्या ऐपतीनुसार ठरवावा. ती गावाची गोष्ट सांगत असेल, तर मात्र पुढचे दोन प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

त्यांतला एक सांगाड्याचा. येथे मराठवाड्याची हवा गाडीच्या बाजूने आहे आणि विरुद्धही. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत पत्रा जसा खातो, तसा बालाघाटच्या कोरड्या पठारावर खात नाही. पण ऊन रबर, गाद्या, वायरींचे वेष्टन आणि रंग यांना सोडत नाही. शिवाय काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. तिच्यावर चार-सहा पावसाळे उभी राहिलेली गाडी वरून धड दिसली तरी खालून पोखरलेली असते. झाडाखाली असेल तर पालापाचोळा पाणी वाहून जाण्याच्या वाटा बुजवतो आणि दाराखालचा पत्रा आतून कुजतो. उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळेच. ॲम्बॅसडर आणि फियाट या दोन्ही गाड्यांना जीपसारखी स्वतंत्र चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हाच त्यांचा कणा. त्यामुळे जीपची बॉडी पार सडली तरी चेसिसवर नवी बसवता येते, पण ॲम्बॅसडरचा तळ गेला तर गाडीच गेली.

याची परीक्षा फार अवघड नाही. एक साधे लोहचुंबक घेऊन ते गाडीभर फिरवावे. ज्या जागी ते चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे असे समजावे. दारांखालची पन्हळ, बूट ठेवायची जागा, डिकीचा तळ आणि मागचे पाटे जेथे बसतात तो भाग पेचकसाने टोचून पाहावा. जॅक लावून एक बाजू उचलली असता दारे अडकू लागली, तर कणा वाकला आहे. ही तपासणी तासाभरात होते आणि निम्मा निर्णय तेथेच लागतो.

इंजिनाची भीती त्या मानाने कमी बाळगावी. बंद पडून जाम झालेले इंजिन पाहून लोक हात टेकतात. पण जुनी इंजिने साधी असतात. ॲम्बॅसडरचे १४८९ सीसीचे किंवा फियाटचे १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन खोलणे, बोअर करणे, रिंग-पिस्टन बदलणे ही कामे आजही होतात. पथ्य एकच : बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. टाकीतले जुने पेट्रोल चिकट झालेले असते, ते काढून टाकावे. ब्रेकचे सिलिंडर गंजून अडकलेले असणार हे धरूनच चालावे, आणि पैसा पहिल्यांदा तेथे खर्च करावा. प्रत्यक्षात अनेक जण आधी रंगावर खर्च करतात, कारण रंग दिसतो. रंगकाम झाले की उत्साह आणि पैसा दोन्ही संपतात, आणि चकचकीत गाडी पुन्हा पडून राहते.

सांगाड्याइतकेच कागद महत्त्वाचे. आरसी बुक नाही, चेसिस नंबरची जागा गंजून गेली आहे, अशी गाडी कायद्याच्या दृष्टीने निनावी होते. मालक हयात नसेल तर वारसांपैकी एकाच्या नावावर ती करण्यासाठी अर्ज नमुना ३१ भरावा लागतो आणि इतर वारसांची संमती जमवावी लागते. वाटणीचा वाद असलेल्या घरात हे काम इंजिन खोलण्यापेक्षा अवघड ठरते. ते आधी करावे. कागद न झालेल्या गाडीवर खर्च केलेला पैसा परक्याच्या शेतात विहीर खणल्यासारखा आहे.

आता त्या प्रश्नाकडे वळू, ज्यासाठी हा लेख साहित्याच्या वाचकांपुढे ठेवत आहोत. दुरुस्ती म्हणजे नेमके काय करायचे? ‘कारखान्यातून आजच बाहेर पडल्यासारखी’ गाडी करणे हे बहुतेक शौकिनांचे स्वप्न असते. पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या माणसाला हे स्वप्न ओळखीचे वाटेल. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. त्यांच्या कामामुळे ग्रंथ अपपाठांतून सुटला, हे ऋण मोठे आहे. परंतु शुद्धीकरणापूर्वी ग्रंथ कसा वाचला जात होता, हे कुतूहल त्यामुळे मिटले नाही. म्हणून तर १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेली एक पोथी छापली आणि तिच्यावर इतका वाद झाला. संपादकाचा प्रत्येक निर्णय काही मिळवतो आणि काही पुसतो. पुसलेले कोठेतरी नोंदवलेले असावे, एवढीच अपेक्षा विवेकी संपादकाकडून असते.

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही, म्हणजे ‘फिवा’नेही, २०१२ साली संमत केलेल्या ट्यूरिनच्या सनदेत असाच विचार मांडला. वास्तूंसाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा आदर्श त्यामागे होता. आहे ते जतन करणे प्रथम, बिघाड थांबवणे त्यानंतर, आणि हरवलेले नव्याने घडवणे सर्वांत शेवटी, असा त्याचा साधारण क्रम. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ या शब्दाला पुण्याचा वास आहे, त्यामुळे त्याच्या नावाखाली जुन्या देवळांना ऑइलपेंट फासला जातो आणि शिल्पांवर फरश्या चढतात. गाडीच्या बाबतीत तरी हा मोह आवरावा.

एक उदाहरण घेऊ. पेट्रोल परवडेना तेव्हा अनेकांनी ॲम्बॅसडरमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतले. उद्या अशी गाडी दुरुस्त करायची झाली तर ते इंजिन काढून मूळ पेट्रोल इंजिन शोधावे काय? शौकीन म्हणतील, अवश्य. सरकारी नियमही मूळ स्वरूपाचाच आग्रह धरतो. आमचे मत वेगळे आहे. ते डिझेल इंजिन हा या गाडीचा पाठभेद आहे. कारखान्याचा पाठ इतरत्र शेकडो गाड्यांत सापडेल. डिझेलच्या भावाचा हिशेब करणारा, गावातल्या मिस्त्रीकडून माउंटिंग ठोकून घेणारा मराठवाड्यातला संसार फक्त या गाडीत सापडेल. तो काढून टाकला तर गाडी ‘अस्सल’ होईल आणि मुकी होईल. इंजिनाच्या बदलाची नोंद आरसीवर असेल तर ते तसेच ठेवावे आणि ‘व्हीए’ अक्षरांचा मोह सोडावा. साधी नोंदणी नूतनीकृत करून गाडी अधूनमधून रस्त्यावर आणता आली, तर ते त्या मानापेक्षा अधिक मोलाचे आहे.

राहिला हातांचा प्रश्न, आणि आमच्या मते तोच निर्णायक आहे. मराठवाड्यातल्या जुन्या गॅरेजांत आजही दखनी बोलली जाते. तेथे उस्ताद असतो आणि त्याच्या हाताखाली पोरे असतात. टॅपेटच्या आवाजावरून दोष ओळखणे, कार्बोरेटर कानाने जुळवणे, बाजारात न मिळणारी बुशिंग लेथवर करून घेणे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. संगणकाला तार जोडून दोष वाचणाऱ्या नव्या पिढीला त्याची गरज उरलेली नाही. सुट्या भागांचा झराही आटतो आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे पद्मिनीचे भाग दीर्घकाळ मिळत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होताच ऑक्टोबर २०२३ अखेर तिची सेवा संपली. किमान एक पद्मिनी तरी संग्रहालयात जतन करावी, अशी मागणी तेव्हा टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली. मागणी रास्तच होती. पण रस्त्यावरची हजारो गिऱ्हाइके गेल्यावर भाग बनवणाऱ्याने बनवायचे कुणासाठी? संग्रहालयातली एक गाडी एका कारागिराचेही पोट भरू शकत नाही.

म्हणून आम्ही असे म्हणतो, की गाडी दुरुस्त करताना एखादा तरुण त्या उस्तादाच्या हाताखाली काम शिकणार असेल, तर तो खर्च वाया गेला असे मानू नये, गाडी पुढे विकली गेली तरीही. आणि गावात असा उस्ताद उरला नसेल, गाडी ट्रकवर घालून पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत पाठवावी लागणार असेल, तर ती परत आल्यावर पहिल्याच बिघाडाला पुन्हा बंद पडेल हे गृहीत धरावे. मराठी विभागातल्या विद्यार्थ्यांसाठीही येथे काम आहे. गॅरेजमधली शब्दसंपत्ती, मराठी-दखनी-इंग्रजीच्या मिश्रणातून घडलेली ती विलक्षण परिभाषा, अजून नीट नोंदवली गेलेली नाही. बोलींच्या अभ्यासाचे प्रकल्प शेतीच्या आणि स्वयंपाकघराच्या शब्दांशी येऊन थांबतात. गॅरेजच्या दारात सहसा जात नाहीत.

एक आक्षेप अपेक्षित आहे : दुष्काळी भागात मोटारीवर पैसा घालणे ही चैन नव्हे काय? घरच्या पैशांपुरता हा आक्षेप आम्हांला मान्य नाही. लग्नातल्या मांडवावर याहून जास्त खर्च होतो आणि त्याविषयी कुणी बोलत नाही. सार्वजनिक पैशांविषयी मात्र आम्ही आक्षेपकांच्या बाजूचे आहोत. एप्रिल २०२२ मध्ये भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५ वे साहित्य संमेलन उदगीरला झाले, तेव्हा या गावाने मोठा उत्साह दाखवला. तो उत्साह आणि निधी पुन्हा कधी जमला, तर तो पहिल्यांदा मोडी, फारसी, उर्दू कागदांच्या जतनाकडे वळावा. कागद वाळवीच्या तोंडी एकदा गेला की गेला. लोखंड थोडी वाट पाहू शकते.

आणि नकार द्यायचा झाला तर तो कसा द्यावा, हेही सांगितले पाहिजे. कणा गेलेली, कागद नसलेली, कारागीर न उरलेली गाडी केवळ भावनेपोटी आणखी दहा वर्षे उन्हात ठेवणे हा जतनाचा प्रकार नव्हे. तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आरसी आणि जुन्या पावत्यांच्या प्रती ठेवाव्यात, चालवणाऱ्याची आणि दुरुस्त करणाऱ्याची मुलाखत ध्वनिमुद्रित करावी. इंजिन, गिअरबॉक्स, काचा, दिवे, मीटर दुसऱ्या चालत्या गाडीसाठी द्यावेत. उरलेला सांगाडा नोंदणीकृत मोडतोड केंद्रात जमा करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी, म्हणजे तिच्या नंबरचा गैरवापर होणार नाही. एका गाडीच्या सुट्या भागांवर दोन गाड्या चालत राहिल्या, तर तोही वारसाच आहे.

ज्यांच्यापुढे आज हा प्रश्न आहे त्यांनी घाई करू नये, एवढीच आमची विनंती. पाऊस येण्यापूर्वी गाडी मातीवरून उचलून फरशीवर घ्यावी, वर पत्र्याचे छप्पर घालावे, खाली विटा देऊन चाकांवरचा भार काढावा, टाकी रिकामी करावी. याला फार पैसा लागत नाही आणि बिघाड तेथेच थांबतो. मग वर्षभरात कागद नीट करावेत, चुंबक फिरवून पाहावे, मिस्त्रीला दाखवावे, आणि त्या गाडीत कधी ना कधी बसलेल्या माणसांना तिच्याविषयी विचारावे. वर्षाअखेरीस उत्तर ‘नाही’ असे आले, तरी गाडीच्या निमित्ताने गावाचे जे बोलणे जमा झाले असेल, ते भंगारात जाणार नाही.